झरी ते जामठा : एक रस्ता, तीन ट्रॉफी

नवं ऑफिस, नवी टीम, पहिला लंच. ओळखपरेड सुरू होते. कोणी कोल्हापूरचा निघाला की लगेच तांबडा-पांढरा टेबलावर येतो. नाशिकवालीला द्राक्षं आणि वाइन, नागपूरवाल्याला संत्री. मग आपला नंबर येतो आणि आपण म्हणतो, 'यवतमाळ जिल्हा, तालुका झरी जामणी.' दोन सेकंद शांतता. मग समोरचा आवाज खाली आणून म्हणतो, 'अच्छा... ते शेतकऱ्यांचं...'

बस्स! गावाची ओळख तिथेच संपली. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. वर्षानुवर्षं पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव त्याच कारणाने येत राहिलं, आणि ते कारण खोटंही नाही. पण ज्या वयात बाकीचे 'ये ना आमच्याकडे, मिसळ खायला घालतो' म्हणतात, त्या वयात आमच्या वाट्याला सहानुभूती येते. आणि लंच टेबलवर सहानुभूती पचायला फार जड जाते, बॉस!

म्हणून मी एक वेगळं उत्तर तयार ठेवलंय. 'यवतमाळ म्हणजे विदर्भ. रणजी चॅम्पियन. २०१८, २०१९ आणि २०२५.' समोरचा क्रिकेटवाला असेल तर पुढचा अर्धा तास मजेत जातो. नसेल, तर निदान 'अरे वा' म्हणतो. ते 'अरे वा' ऐकायला आम्हाला किती वर्षं लागली, त्याची ही गोष्ट. एका रस्त्याच्या कडेने सांगितलेली.

आधी पत्ता समजून घ्या

झरी आणि जामणी ही दोन गावं, आणि दोघांच्या नावाने मिळून एक तालुका. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला. खाली पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे तेलंगणातला आदिलाबाद. त्यामुळे आमच्याकडे बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषा एकाच वेळी कानावर पडतात. कोलामांच्या वस्त्यांना इथे 'पोड' म्हणतात. काळी जमीन, त्यात कापूस आणि तूर. जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी, त्यामुळे मुकुटबनच्या रस्त्यावर ट्रकांची रांग.

आता नागपूरला जायचं तर दोन वाटा. एक मुकुटबन, वणी, वरोरा करत जाते. दुसरी पांढरकवड्याला हायवेला लागते आणि करंजी, वडकी, हिंगणघाट करत जाते. दोन्ही वाटा जाम नावाच्या गावाला एकत्र येतात (हो, गावाचं नावच जाम, ट्रॅफिकशी संबंध नाही!). पुढे बुटीबोरी, आणि मग नागपूर यायच्या आधी उजाड माळावर अचानक स्टेडियमचे उंच टॉवर दिसतात. जामठा. विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम.

म्हणजे आमच्या भागातून कोणीही नागपूरला जावो, हॉस्पिटलसाठी, अॅडमिशनसाठी की नोकरीसाठी, जामठा लागतंच. लहानपणी एसटीच्या खिडकीतून ते टॉवर दिसले की मी बॅग आवरायला घ्यायचे. नागपूर आलं!

मैदान आपलं, हीरो पाहुणे

मजा बघा. नागपूरच्या क्रिकेटमध्ये आठवणींची कमी कधीच नव्हती. ३१ ऑक्टोबर १९८७ ला वर्ल्ड कपमध्ये भारत विरुद्ध न्यूझीलंड, सिव्हिल लाइन्सचं जुनं व्हीसीए ग्राउंड. चेतन शर्माची हॅटट्रिक, वर्ल्ड कपमधली पहिलीच. त्याच मॅचमध्ये सुनील गावसकरांचं वन-डेमधलं एकमेव शतक. आमच्या बाबांच्या पिढीचा हा खजिना. मग नोव्हेंबर २००८ ला जामठ्याची पहिली टेस्ट, भारत-ऑस्ट्रेलिया, आणि सौरव गांगुलीची शेवटची.

पण नीट बघा, यातला एकही हीरो विदर्भाचा नाही. मैदान आपलं, टाळ्या आपल्या, ट्रॉफी मात्र दुसऱ्यांच्या! विदर्भाची टीम १९५७-५८ पासून रणजी खेळत होती आणि फायनल मात्र दूरच होती. २०११ मध्ये उमेश यादव टेस्ट खेळला, विदर्भाकडून तिथवर पोचलेला पहिलाच. त्याचे वडील कोळसा खाणीतले कामगार. आमच्याकडे कोळशाच्या धुळीत वाढलेल्या पोट्ट्यांना हे किती जवळचं वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको. तरी टीम म्हणून विदर्भ म्हणजे 'ठीक आहे, खेळतात बिचारे'. परत तेच 'बिचारे'!

क्षण पहिला : पाच रन्स

२१ डिसेंबर २०१७. मी नागपुरात मास कॉम करत होते आणि परीक्षा संपवून झरीला आले होते. तो हंगाम आठवला तरी अंगावर काटा येतो. पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. त्यातून वाचलेल्या कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली. बोंड फोडलं की आत कापसाऐवजी अळी. वेचणीला जाऊन बाया अर्ध्या ओट्याने परत यायच्या. घरात कोणी फारसं बोलत नव्हतं.

आणि तिकडे कोलकात्याला, ईडन गार्डन्सवर, विदर्भ रणजी सेमीफायनल खेळत होता. समोर कर्नाटक. पहिल्या डावात आपण १८५ ला गडगडलो, त्यांनी ३०१ केले, त्यात करुण नायरचे १५३. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) दुसऱ्या डावात आपण ३१३ केले आणि कर्नाटकसमोर १९८ चं टार्गेट ठेवलं. चौथ्या दिवसाअखेर त्यांचे ७ गडी बाद, पण शेवटच्या सकाळी त्यांची शेपूट वळवळायला लागली.

घरात नेटवर्क नाही, म्हणून मी स्लॅबवर. एका हातात फोन, दुसरा हात टाकीला धरून. स्कोअर रिफ्रेश होतोय, चाक फिरतंय, फिरतंय... खालून काका दर दोन मिनिटांनी विचारताहेत, 'काय झालं वं?' आणि मी वरून ओरडतेय, 'थांबा ना, लोड होऊन राहिलं!'

१९२ ऑल आउट. विदर्भ ५ रन्सनी विजयी! रजनीश गुरबानी, इंजिनीअरिंगची डिग्री असलेला पोरगा, दुसऱ्या डावात ६८ रन्समध्ये ७ विकेट्स, मॅचमध्ये १२. मी जिन्यावरून कशी उतरले ते आठवत नाही. काका हातातलं काम सोडून उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, 'जिंकले? आपले?' त्या 'आपले'वर जरा जास्तच जोर होता.

क्षण दुसरा : नवीन वर्षाची सकाळ

फायनल इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. समोर ऋषभ पंतची दिल्ली, त्यात गौतम गंभीर. दिल्लीच्या ध्रुव शोरेने १४५ ठोकले. (हेही नाव लक्षात ठेवा.) दुसऱ्या दिवशी सकाळी गुरबानीने हॅटट्रिक घेतली आणि तिसरा बळी होता खुद्द शोरे. रणजी फायनलमध्ये त्याआधी एकच हॅटट्रिक झाली होती, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, १९७२-७३ मध्ये. मग अक्षय वाडकरने आपलं पहिलं फर्स्ट क्लास शतक याच मॅचसाठी राखून ठेवल्यासारखे १३३ केले आणि विदर्भ ५४७ वर पोचला.

१ जानेवारी २०१८. टार्गेट फक्त २९. क्रीजवर वसीम जाफर, मुंबईकडून ढिगाने रणजी जिंकलेला आमचा मोठा भाऊ. विनिंग शॉट त्याचाच. कोच चंद्रकांत पंडित, कॅप्टन फैज फजल. पहिल्यांदा फायनलला पोचलो आणि पहिल्याच झटक्यात ट्रॉफी!

दुसऱ्या दिवशी पेपर आला. पहिल्या पानावर 'विदर्भ' हे नाव आणि खाली हसणारे चेहरे. आमच्याकडे पेपर उलटा, म्हणजे मागच्या पानापासून वाचायची बाबांची सवय आहे, कारण पुढच्या पानावर काय असणार ते माहीत असतं. त्या दिवशी त्यांनी पुढून सुरुवात केली. कापसाचा भाव त्याने चार आण्यांनीही वाढला नाही, हे मान्य. पण त्या हिवाळ्यात आमच्या घरात लोक पहिल्यांदा मोठ्याने बोलले, ते त्या सकाळी.

क्षण तिसरा : पांढरकवड्याचा पोरगा

झरीहून हायवेकडे निघालात की पांढरकवडा लागतं. आमच्यासाठी ते बाजाराचं गाव. २०१८ मध्ये ते देशभर गाजलं, वाघिणीमुळे. अवनी, म्हणजे टी-वन, २ नोव्हेंबर २०१८ ला मारली गेली. कित्येक महिने पांढरकवडा म्हटलं की नरभक्षक वाघीण आणि कॅमेरे घेऊन आलेले पत्रकार. मासकॉमचे माझे क्लासमेट फोन करून विचारायचे, 'सेफ आहेस ना?'

आणि मग फेब्रुवारी २०१९. रणजी फायनल, विदर्भ विरुद्ध सौराष्ट्र, जामठ्यालाच. पहिल्या दिवसाअखेर आपले ७ बाद २००. आठव्या नंबरवर पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार! हा पठ्ठ्या दोन्ही हातांनी स्पिन टाकतो. सुरुवात उजव्या हाताने ऑफस्पिनची, पण फलंदाजी आणि थ्रो डाव्या हाताने. मग कोचने सुचवलं, डाव्याने बॉलिंगही करून बघ. सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईच्या सराव सामन्यात त्याने ऑस्ट्रेलियनांना दोन्ही हातांनी गोलंदाजी केली.

फायनलमध्ये त्याने बॅट चालवली. शेपटाला हाताशी धरून नाबाद ७३. विदर्भ ३१२. उत्तरादाखल सौराष्ट्र ३०७. लीड किती? ५ रन्स! पुन्हा पाचच. पुढे इराणी कपमध्ये रेस्ट ऑफ इंडियाविरुद्ध त्याने १०२ केले. ८ नोव्हेंबर २०२१ ला मणिपूरविरुद्ध टी-ट्वेंटीत चार ओव्हर, चारही मेडन, दोन विकेट्स, शून्य रन्स. पुरुषांच्या टी-ट्वेंटीत असं आधी कोणी केलं नव्हतं.

पांढरकवड्याच्या पानठेल्यावर आता बाहेरचा कोणी आला आणि वाघिणीचं विचारलं की तिचं सांगून होतं, आणि मग हळूच पुढची गोष्ट सुरू होते. 'अन् आमचा अक्षय माहीत आहे का तुम्हाले?'

क्षण चौथा : जामठा, याचि डोळा

७ फेब्रुवारी २०१९. गुरुवार. सौराष्ट्राला २०६ चं टार्गेट, आदल्या संध्याकाळी ५ बाद ५८. ज्या टॉवरकडे बघून मी बॅग आवरायचे, तिथे पहिल्यांदा मॅचसाठी उतरले.

रणजीची गर्दी आयपीएलसारखी नसते. डीजे नाही, चिअरलीडर नाहीत. बंक मारून आलेले कॉलेजचे ग्रुप, सुटी टाकून आलेले बँकवाले, शाळेच्या युनिफॉर्ममधली पोट्टी, आणि डबा घेऊन आलेले आजोबा. इतकं शांत की विकेटकीपरचं बोलणं ऐकू येतं. माझ्या बाजूचे काका हिंगणघाटहून आले होते, पुढच्या रांगेतली मुलं वर्ध्याची. कुठली, म्हणून विचारलं. 'झरी जामणी', मी म्हटलं. कोणी आवाज खाली नेला नाही. 'अरे, म्हणजे कर्णेवारच्या तिकडची!' आयुष्यात पहिल्यांदा माझा पत्ता कोणी असा ओळखला.

आदित्य सरवटेने कमाल केली. पहिल्या डावात ५, दुसऱ्यात ६. चेतेश्वर पुजारासारखी भिंत त्याने दोन्ही डावांत पाडली, एकदा १ वर आणि एकदा ० वर. दुपार होईपर्यंत सौराष्ट्र १२७ ऑल आउट. ७८ रन्सनी विजय, सलग दुसरी ट्रॉफी! हिंगणघाटच्या काकांनी डब्यातला शिल्लक लाडू अर्धा करून मला दिला. घरी जायला मला त्याच हायवेने उलटं जायचं होतं. जामला बस थांबली, चहा घेतला, आणि हॉटेलवाल्याने विचारलं, 'जिंकले का?'

मधला एक, हरलेला

नुसते जिंकलेले क्षण सांगणारा फॅन खरा नव्हे. मार्च २०२४, वानखेडे, समोर मुंबई. एव्हाना मी पुण्यात, फ्रीलान्सिंग करत. पहिल्या डावात आपण १०५ ला ऑल आउट. चौथ्या डावात टार्गेट ५३८. ऑफिसवाले मित्र कीव करायला टपलेलेच होते.

आणि शेवटच्या दिवशी, १४ मार्चला, वाडकर आणि हर्ष दुबे यांनी सकाळचं अख्खं सेशन खेळून काढलं. एकही विकेट नाही! वाडकर १०२, दुबे ६५. लंचला मुंबईचे माझे मित्र चक्क गप्प होते. नंतर डाव कोसळला, ३६८ ला संपला, १६९ रन्सनी हार, आणि मुंबईची ४२ वी ट्रॉफी. पण त्या दोन तासांत मला कोणी 'बिचारे' म्हटलं नाही. मोठ्या टीमला घाम फोडून हरणं वेगळं असतं, हे तेव्हा कळलं.

क्षण पाचवा : नोकरी बदललेली माणसं

२ मार्च २०२५, रविवार. अख्खा देश दुबईकडे डोळे लावून बसलेला, भारत-न्यूझीलंड, चॅम्पियन्स ट्रॉफी. मी पुण्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर दुबई आणि लॅपटॉपवर जामठा लावून बसले होते. विदर्भ विरुद्ध केरळ, रणजी फायनलचा शेवटचा दिवस.

आता ती लक्षात ठेवलेली नावं काढा. २०१७ मध्ये सेमीफायनलला आपल्याविरुद्ध १५३ करणारा करुण नायर आता विदर्भाकडून खेळत होता. पहिल्या डावात ८६, दुसऱ्यात १३५. फायनलला आपल्याविरुद्ध १४५ करणारा ध्रुव शोरे? तोही विदर्भाच्या टीममध्ये. आणि २०१९ चा हीरो आदित्य सरवटे? तो केरळकडून! आणि आपल्याविरुद्ध ७९ करून गेला.

दानिश मालेवारचे १५३, विदर्भ ३७९. केरळचा कॅप्टन सचिन बेबी ९८ वर आउट झाला आणि तिथेच गाडी वळली. केरळ ३४२. लीड ३७. मॅच ड्रॉ, पण पहिल्या डावाच्या लीडवर ट्रॉफी विदर्भाची, तिसऱ्यांदा. हर्ष दुबेच्या त्या सीझनमध्ये ६९ विकेट्स, रणजीचा रेकॉर्ड.

सरवटेवर राग आला का? खरं सांगू, अजिबात नाही. तुम्ही-आम्ही काय करतो? चांगली संधी मिळाली की गाव सोडतो, कंपनी बदलतो, आणि नव्या ठिकाणी जीव तोडून काम करतो. मी झरी सोडून पुण्याला आले, सरवटे नागपूर सोडून केरळला गेला. नायर तर पुढे परत कर्नाटकात गेलाही. माणसं येत-जात राहतात. पण जो जिथे असेल तिथे त्याने पूर्ण ताकदीने खेळावं, आणि गावाने त्याचं आधीचं काम विसरू नये. सरवटेच्या त्या ११ विकेट्स आमच्याच आहेत आणि राहतील.

मग बदललं काय?

कोणी म्हणेल, ट्रॉफीने शेतात पाणी येतं का? नाही येत. बोंडअळी जात नाही, झरीहून नागपूरला पोचायला लागणारा वेळ कमी होत नाही. आमच्याकडच्या खऱ्या प्रश्नांची उत्तरं क्रिकेटकडे नाहीत, आणि ती त्याच्याकडे मागूही नयेत.

पण गेल्या दिवाळीत गावी गेले, तेव्हा कापूस वेचून मोकळ्या झालेल्या वावरात पोट्टे क्रिकेट खेळत होते. एक जण उजव्या हाताने टाकायचा, आणि मधेच डाव्याने. डाव्या हाताचा बॉल सरळ बाजूच्या तुरीत जात होता. सगळे त्याला शिव्या घालत होते, 'काहून करतं बे असं?' तो मात्र तुरीतून बॉल शोधून आणायचा आणि पुन्हा डाव्याने टाकायचा. कोणाचं बघून शिकला, हे विचारायची गरजच नव्हती.

तर पुढच्या वेळी लंच टेबलवर कोणी यवतमाळचं भेटलं, तर आवाज खाली नेऊ नका. सरळ विचारा, 'जामठ्याला कधी मॅच बघितलीस का?' मग बघा, गडी कसा सुटतो ते!

जायचं असेल तर...

कधी? डिसेंबर-जानेवारी बेस्ट. कपाशीचं वावर पांढरं, तुरी भरलेल्या, हवा गार. रणजीचा सीझनही साधारण हिवाळ्यातच, त्यामुळे जामठ्याला मॅच आहे का ते आधी तपासा. एका वीकेंडला जोडून दोन दिवसांची रजा टाकली की दोन्ही होतं.

कसं? ट्रेनने नागपूर गाठा. तिथून हैदराबादच्या दिशेने एनएच ४४, म्हणजे जुना सात नंबर हायवे, पांढरकवडा दीडशे किलोमीटरच्या घरात. पुढे झरीसाठी आतला रस्ता. रेल्वेवेड्यांसाठी माजरी-आदिलाबाद लाइनवर मुकुटबन स्टेशन आहे.

काय बघाल? पैनगंगेचा काठ आणि आठवडी बाजार. पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य, वाघ दिसण्याची बरीच आशा. कोलाम पोडावर जायचं असेल तर ओळखीच्या माणसाला घेऊन, विचारून जा. तो पिकनिक स्पॉट नाही, लोकांचं घर आहे.

काय खाल? हिवाळ्यात तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची भाजी, वांगे-सोले, ज्वारीची भाकर आणि ठेचा. परतीला नागपुरात तर्री पोहे. पाण्याची बाटली जवळ ठेवा, तर्री पुणेकरांसाठी बनवलेली नाही!